जिगसॉमधली करवत

काही शब्द एकदा ऑफिसात शिरले की बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. 'सिनर्जी' गेला, 'पॅराडाइम शिफ्ट' म्हातारा झाला, पण 'जिगसॉ' अजून ठणठणीत आहे. प्रोजेक्टचा प्लॅन म्हणजे जिगसॉ. नवीन माणूस घेतला की तो 'मिसिंग पीस'. एका कंपनीने दुसरी विकत घेतली की लगेच सीईओचं मेल येतं, त्यात दोन तुकडे एकमेकांत बसल्याचं चित्र. हे ऑफिसापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण मी मूळचा औंढा नागनाथकडचा, हिंगोली जिल्हा, आणि आता हा शब्द आमच्या गावापर्यंत पोचलाय. देवळाचे दगड दाखवताना लोक म्हणतात, 'अगदी जिगसॉसारखे बसवलेत बघा.' लायगोचा विषय निघाला की, 'जगाच्या जिगसॉमधला उरलेला तुकडा आपल्या औंढ्यात बसतोय!'

ऐकायला छान वाटतं. माझं म्हणणं मात्र उलटं आहे. औंढ्यात ज्या गोष्टींना लोक जिगसॉ म्हणतात त्यातली एकही जिगसॉ नाही. आणि जी खरोखर आहे तिला कुणीच तसं म्हणत नाही.

आधी शब्दाकडे बघू. 'जिगसॉ'तला 'सॉ' म्हणजे करवत. 'जिग' म्हणजे वरखाली भराभर उड्या मारणं, त्या नावाचा एक नाचही आहे. तर वरखाली नाचणारी करवत ती जिगसॉ. सुतारकामात आजही हाच अर्थ चालतो. टिंबर मार्केटमध्ये जाऊन 'जिगसॉ दाखवा' म्हणा, दुकानदार तुमच्यासमोर विजेवर चालणारं मशीन ठेवेल, ताजमहालाचे हजार तुकडे नव्हे. हातात धरून चालवायचं हे मशीन स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान नावाच्या इंजिनिअरने १९४६ साली केलं. शिवणयंत्रातली सुई काढून त्याने तिथे करवतीचं पातं बसवलं, असं सांगतात. जोडायच्या यंत्राचं कापायचं यंत्र झालं! (मला ही गोष्ट फार आवडते. आमच्याकडे टेस्टिंगसाठी लिहिलेलं टूल शेवटी प्रॉडक्शनमध्ये चालतं, तशातला प्रकार.)

खेळ मात्र मशीनच्या बराच आधीचा. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी म्हणून एक नकाशे खोदणारा होता. १७६० च्या दशकात त्याने नकाशे लाकडाच्या फळीवर चिकटवले आणि देशांच्या सरहद्दींवरून बारीक करवतीने कापले. श्रीमंतांच्या पोरांना भूगोल शिकवायला. तेव्हा त्याला जिगसॉ म्हणत नव्हते, 'कापलेले नकाशे' अशाच अर्थाचं नाव होतं. तुकडे एकमेकांत अडकतही नव्हते, नुसते शेजारी शेजारी ठेवायचे. जिगसॉ हे नाव खेळाला चिकटलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पुढे १९३२-३३ च्या महामंदीत अमेरिकेत या खेळाचं वेड लागलं. पुठ्ठ्याची स्वस्त कोडी दर आठवड्याला स्टॉलवर यायला लागली. ती साच्यात दाबून एका फटक्यात कापलेली. म्हणजे गंमत बघा, खेळाला करवतीचं नाव मिळालं आणि पाच-पंचवीस वर्षांत करवतच खेळातून निघून गेली. आपल्या हातात आली ती फक्त जोडाजोडी. आज जिगसॉ म्हटलं की कुणालाच कापणं आठवत नाही, सगळ्यांना जोडणं आठवतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहिलं जिगसॉ हे देखाव्याचं चित्र नव्हतं. तो नकाशा होता, आणि कापला होता सरहद्दींवरून.

बाकी या शब्दाचे उपयोग भरपूर आहेत. सिनेमातला तो भयानक बाहुला आणि त्याचा मालक तुम्हाला माहीतच आहे. गूगलने २०१६ साली आपल्या 'गूगल आयडियाज' विभागाचं नाव बदलून जिगसॉ केलं. एलियट आरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'जिगसॉ क्लासरूम' सुरू केली. काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती. त्याने धड्याचे तुकडे केले, प्रत्येक मुलाला एकेक दिला. पूर्ण धडा हवा असेल तर दुसऱ्याचं ऐकून घ्यावंच लागे. उपमा इथे चोख बसते, कारण धडा आधी अख्खा होता आणि मास्तरांनी तो मुद्दाम कापला होता.

आमच्या धंद्यातलं जिगसॉही असंच चोख आहे. जावावाल्यांना आठवत असेल, २००८ साली सन मायक्रोसिस्टीम्समध्ये 'प्रोजेक्ट जिगसॉ' सुरू झाला. नाव ऐकून वाटतं की काहीतरी जोडायचं काम असणार. प्रत्यक्षात ते कापायचं काम होतं. जावाची सगळी स्टँडर्ड लायब्ररी 'आरटी डॉट जार' नावाच्या एका अवाढव्य फाइलमध्ये कोंबलेली होती. तुमच्या प्रोग्रॅमला खिडकी दाखवायची नसली तरी खिडक्यांचा सगळा कोड सोबत यायचा. त्या ओंडक्याचे मॉड्यूल करायचे होते. जावा ७ मध्ये येणार होतं, मग ८ मध्ये, शेवटी ९ मध्ये आलं, २१ सप्टेंबर २०१७ ला. मधल्या काळात सन कंपनीच ओरॅकलने घेऊन टाकली! मे २०१७ मध्ये तर समितीने मतदान करून प्रस्ताव १३ विरुद्ध १० असा फेटाळला होता. पुढच्या महिन्यात दुरुस्त्या करून मग तो पास झाला.

एवढा वेळ कशाला लागला? जोडणं अवघड होतं म्हणून नव्हे. करवत कुठून फिरवायची यावरच भांडण होतं. वीस वर्षं लोकांनी एका पॅकेजमधून दुसऱ्या पॅकेजच्या आतल्या गोष्टींना हात घातले होते. 'सन डॉट मिस्क डॉट अनसेफ' नावाचा एक क्लास होता. नावातच 'हात लावू नका' लिहिलंय, पण जगातल्या निम्म्या मोठ्या लायब्रऱ्या त्याच्यावर उभ्या. तो नियमाप्रमाणे आत बंद केला असता तर हाहाकार झाला असता. म्हणून त्यांनी चक्क 'जेडीके डॉट अनसपोर्टेड' नावाचं एक मॉड्यूल काढलं आणि त्यात तो उघडा ठेवला. नकाशावर रेघ मारून झाली, पण माणसं रेघेच्या पलीकडून पाणी भरतायत, मग तिथे एक दार ठेवावंच लागतं. ज्यांनी जावा ८ वरून पुढे मायग्रेशन केलंय त्यांना त्या 'इल्लीगल रिफ्लेक्टिव्ह ॲक्सेस'च्या वॉर्निंगा अजून स्वप्नात येत असतील :-)

तर खऱ्या जिगसॉत दोन गोष्टी गृहीत असतात. एक, आधी एक अख्खं चित्र होतं. दोन, प्रत्येक तुकड्याला एकच जागा आहे. आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, कारण कुणीतरी करवत चालवलेली असते. करवत न चालवता हा शब्द वापरला की ही दोन्ही गृहीतकं गुपचूप आत शिरतात. मग माणसं स्वतःलाच दोष देत बसतात. माझ्या एका मित्राला, तोही मराठवाड्यातलाच, एका कंपनीत तीन राउंड झाल्यावर एचआरने सांगितलं, 'तू चांगला पीस आहेस रे, पण आमच्या जिगसॉमधला नाहीस.' पठ्ठ्या दोन महिने आपल्या कडा तपासत होता. इंग्रजी उच्चार सुधारू का, बोलताना हातवारे कमी करू का. अरे, त्यांच्याकडे चित्र होतं कुठे? त्या टीमचं डिझाइन दर तिमाहीला बदलत होतं!

असो. औंढ्याकडे येतो.

नागनाथाचं देऊळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खालचा भाग काळ्या दगडाचा, हेमाडपंती, यादवांच्या काळातला मानतात. भिंतीवर मूर्तींच्या रांगाच रांगा. वरचा भाग नंतर दुरुस्त झालेला, पेशवाईच्या काळात चालणाऱ्या धाटणीचा. एका नजरेत दोन काळ दिसतात आणि त्यांना जोडणारी आडवी रेघही दिसते. पिंड खाली तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे, अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरावं लागतं. उंच माणसांनी डोकं सांभाळावं.

हेमाडपंती बांधकामाचं वैशिष्ट्य शाळेतल्या पुस्तकात होतं: चुना न वापरता दगडावर दगड. दगडांना खाचा, सांधे करून, वजनाच्या जोरावर बसवायचे. यालाच लोक जिगसॉ म्हणतात. पण जिगसॉत तुकडे आधी कापून तयार असतात, तुम्ही फक्त जागा शोधायची. इथे पाथरवटाकडे तयार तुकडाच नव्हता. खाणीतून आलेला दगड खालच्या थराप्रमाणे आणि शेजाऱ्याप्रमाणे घडवावा लागे. बसला नाही तर पुन्हा छिन्नी. हे सगळे दगड मुळात एकच कातळ होते आणि कुणीतरी त्यांचे तुकडे केले, असं काही नाही. जागा सापडली नव्हती, दोन्ही बाजूंनी घडवून केली होती. आणि वरचा भाग पडल्यावर शेकडो वर्षांनी वेगळ्या लोकांनी, वेगळ्या पद्धतीने तिथे काम केलं, तेही बसलं. जिगसॉमध्ये ताजमहालाच्या वर सिंहगडाचा तुकडा बसेल का?

देऊळ जिगसॉ होऊ शकतं, पण त्यासाठी आधी ते सुटं करावं लागतं. कंबोडियात अंगकोरला बाफुऑन नावाचं मंदिर आहे. ते ढासळत होतं म्हणून फ्रेंच तज्ज्ञांनी १९६० च्या दशकात उलगडायला घेतलं, सुमारे तीन लाख दगड आजूबाजूच्या जंगलात मांडून ठेवले, कुठला दगड कुठला याच्या नोंदी केल्या. मग यादवी आली, ख्मेर रूजचं राज्य आलं आणि नोंदी नष्ट झाल्या. आता बसा शोधत! पुन्हा जुळवून व्हायला २०११ साल उजाडलं. जगातलं सगळ्यात मोठं जिगसॉ असं त्याला म्हणतात आणि तिथे मी एक अक्षर बोलणार नाही. चित्र होतं, सुटं केलं, खोक्यावरचं झाकण हरवलं. हुबेहूब जिगसॉ.

औंढ्याला मात्र जिगसॉचे नियम पहिल्यापासूनच लागू पडत नाहीत. नागेश हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. पण ते नक्की कुठलं? गुजरातेत द्वारकेजवळचे लोक म्हणतात आमचं, उत्तराखंडात अल्मोड्याजवळ जागेश्वरचे म्हणतात आमचं, आणि आम्ही म्हणतो औंढ्याचं. परळीच्या वैद्यनाथाचंही तेच, झारखंडातल्या देवघरशी दावा आहे. जागा बारा आणि तुकडे पंधराच्या आसपास! कुणाला काही अडचण नाही. भाविक जिथे जवळ पडतं तिथे जातात, आणि ज्यांना पुण्याची पूर्ण खात्री हवी असते ते सगळीकडे जातात.

आणि तुकडा फिरवून बघायचा म्हणाल तर आमच्याकडे अख्खं देऊळ फिरलंय. नामदेव महाराज इथलेच, नर्सी याच जिल्ह्यात. कीर्तनाला अडथळा होतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे पिटाळलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, अशी कथा आहे. नंदी राहिला तिथेच. म्हणून आजही नंदी मागच्या बाजूला आहे. कथा खरी की खोटी यात मला पडायचं नाही. पण कथेतला विचार बघा: तुकडा जागेप्रमाणे नाही वळला, जागा माणसाप्रमाणे वळली. एचआरला सांगून बघा.

आता लायगो. हा विषय मी जरा जास्त वेळ घेणार, कारण आमच्या गावच्या बाजूला सध्या यापेक्षा मोठं काही घडत नाहीये.

दोन प्रचंड कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात लहरी उठतात. त्या १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा पकडल्या गेल्या आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झालं. पकडणारी यंत्रं अमेरिकेत दोन, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन. चार चार किलोमीटरच्या दोन बाहू, इंग्रजी एल अक्षरासारख्या, आत लेसर. लहर गेली की बाहूची लांबी बदलते ती प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी कमी. जाहीर झाल्यावर आठवडाभरात आपल्या सरकारने भारतातल्या लायगोला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची अंतिम मंजुरी. जागा औंढा तालुक्यात, दुधाळा गावाजवळ. पुण्याची आयुका, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था त्यात आहेत.

'उरलेला तुकडा' ही उपमा इथे किती फसवी आहे ते बघा. जिगसॉमध्ये एक तुकडा हरवला तर चित्रात एक भोक राहतं, बाकीचं चित्र स्वच्छ दिसतं. तुकडा सापडला की तेवढंच भोक बुजतं. इथे तसं नाहीच. दोन यंत्रं असतील तर लहर आकाशात कुठून आली ते नीट कळत नाही. या यंत्राला आधी लागली, त्या यंत्राला काही मिलिसेकंदांनी नंतर, एवढ्यावरून आकाशात एक लांबलचक पट्टा मिळतो. १४ ऑगस्ट २०१७ ला एक लहर आली तेव्हा इटलीतलं व्हर्गो हे तिसरं यंत्र नुकतंच सुरू झालं होतं. नुसत्या दोन अमेरिकन यंत्रांनी ११६० चौरस अंशांचा भाग दाखवला असता. तिसऱ्यामुळे तो ६० वर आला. पौर्णिमेचा चंद्र साधारण ०.२ चौरस अंशांचा असतो, म्हणजे कित्येक हजार चंद्रांच्या जागेवरून तीनशे चंद्रांवर. व्हर्गोने एखादं भोक नाही बुजवलं, बाकीच्या दोघांच्या मापालाही अर्थ दिला. दुधाळ्याचं यंत्र सुरू झालं की हेच होईल. आम्ही कोपऱ्यातला एक तुकडा भरणार नाही, सगळं चित्रच जरा स्पष्ट करणार.

आणि एकच ठरलेली जागा म्हणाल, तर हे यंत्र मुळात हॅनफर्डलाच बसायचं होतं. तिथे एकाच आवारात दुसरं यंत्र ठेवायचा बेत होता. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की तेच सामान पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला नेलं तर कितीतरी जास्त उपयोग. आधी ऑस्ट्रेलियाला विचारलं. त्यांनी २०११ मध्ये पैशांमुळे नाही म्हटलं. मग भारत. मग भारतात जागांची पाहणी, आणि मग आमचं माळरान. म्हणजे औंढ्यात तुकड्याच्या आकाराचा खड्डा आधीपासून वाट बघत होता, असं काही नाही. कुणीतरी आग्रह धरला, कुणीतरी नाही म्हटलं, कुणीतरी जमिनी मोजल्या. जमिनीचंही तेच, शेवटी यंत्रालाच तिच्याशी जमवून घ्यावं लागणार. आमच्याकडे २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला होता, वसमत-कळमनुरीकडे जमिनीतून गुरगुरल्यासारखे आवाज येतात हे सगळ्यांना माहीत आहे. आरसे टांगताना त्याचा विचार करावा लागणार. पाथरवटाचंच काम आहे हे, छिन्नी जरा महाग एवढंच.

मग याला म्हणायचं काय? मराठीत एक जुना शब्द आहे, सांगड. आपण 'सांगड घालणे' एवढंच वापरतो. मूळची सांगड म्हणजे नदी ओलांडायला बांधलेले भोपळे किंवा दोन होड्या. या दोन होड्या कधी एक नव्हत्या. त्यांच्या कडा एकमेकींत बसत नाहीत. पलीकडे जायचंय म्हणून बांधल्यात, दोर सुटला तर दोन्ही पुन्हा आपापल्या होड्या. अमेरिकेतली दोन यंत्रं, इटलीतलं, जपानचं काग्रा आणि आमचं दुधाळा, याला सांगड म्हणा. टीमलाही सांगड म्हणा, हवं तर. गोधडीही चालेल, आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. आईच्या लुगड्याचा तुकडा आणि बापाच्या धोतराचा तुकडा, एका चित्राचे कधीच नव्हते, पण ऊब देतात.

आता जी गोष्ट खरोखर जिगसॉ आहे तिच्याबद्दल. स्पिल्सबरीचा नकाशा आठवतोय ना?

औंढा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि पुढची आठ वर्षं हैदराबाद नावाचं एक अख्खं राज्य होतं. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, सगळे त्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला ते करवतीने तीन भागांत कापलं. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात. करवत जिल्ह्यांच्या कडेनेही नाही फिरली, जिल्हे आणि तालुके चिरत गेली. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसा भाग तेलुगू बाजूला गेला. आदिलाबादचं किनवट आणि राजुरा इकडे आलं. बिदरमधून उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे, भालकी तिकडे. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ ला आमच्यावर अजून एकदा करवत चालली: परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला.

गैरसमज नको. कापणं वाईटच असं मी म्हणत नाही. भाषावार राज्यं लोकांना हवी होती आणि ती झाली हे बरंच झालं. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांनी शाळेत उर्दू घोकलं, मी मराठीत शिकलो. औंढ्याच्या माणसाला कलेक्टर ऑफिसच्या कामाला परभणी गाठावं लागे, आता हिंगोली जवळ पडतं. माझं म्हणणं एवढंच की लाकूड कापताना पात्याच्या जाडीइतकं लाकूड भुसा होऊन जातं. कुठलाही सुतार माप घेताना ते धरतो. राज्यं कापणाऱ्यांनी ते धरलं होतं का?

भुसा म्हणजे काय, तर जे धड इकडे नाही आणि धड तिकडे नाही ते सगळं. मराठवाड्याची हुशार पोरं उस्मानिया विद्यापीठात जायची. रेघ मारल्यावर ते परराज्यात गेलं, आणि मराठवाडा विद्यापीठ निघालं ते १९५८ मध्ये, नांदेडचं तर १९९४ मध्ये. हायकोर्ट हैदराबादचं होतं ते एकदम मुंबईचं झालं, आणि औरंगाबादला खंडपीठ यायला १९८० चं दशक लागलं. भैंसा-भालकीकडची मराठी घरं तिकडे अल्पसंख्य झाली, नातीगोती मात्र इकडेच. आणि कागद! निजामाच्या काळच्या नोंदी पलीकडच्या तुकड्यावर राहिल्या. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीला हैदराबादला जावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आमच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचला. आरक्षणावर माझं मत इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आणि वेगळं भांडण. पण सदुसष्ट वर्षांनी आपल्याच पणजोबाची जात बघायला दुसऱ्या राज्याच्या राजधानीत जावं लागतं, याला मी भुसा म्हणतो.

रेल्वेचं तर काय सांगू. राज्याचा नकाशा कापला, रूळ नाही कापले. हिंगोली पूर्णा-अकोला लाइनवर आहे. स्टेशनचं नाव आजही 'हिंगोली डेक्कन'. विभाग नांदेडचा, तोही २००३ मध्ये हैदराबाद विभागातून वेगळा झाला. आणि झोन दक्षिण मध्य रेल्वे, मुख्यालय सिकंदराबाद. हेच आमचं 'जेडीके डॉट अनसपोर्टेड'! मॉड्यूल वेगळं झालं, पण जुना इम्पोर्ट चालूच आहे.

नांदेड विभाग मध्य रेल्वेत घाला अशी मागणी मराठवाड्यात बरीच जुनी आहे. महाराष्ट्रातला भाग महाराष्ट्रातल्या झोनला, किती साधं वाटतं! मराठी माणूस म्हणून मलाही ते ऐकून बरं वाटतं. पण हा युक्तिवाद नकाशाचा आहे, प्रवाशाचा नाही. तुकडा ज्या रंगाचा त्याच रंगाच्या शेजारी ठेवायचा, हे पुठ्ठ्याच्या कोड्यात ठीक आहे. नांदेड-परभणीचा माणूस मोठ्या दवाखान्याला अजून हैदराबाद गाठतो. नोकरीला पुण्या-मुंबईला येतो, आणि दिवाळीत घरी जाताना तिकीट मिळत नाही म्हणून ट्रॅव्हल्सला तिप्पट पैसे मोजतो. सिकंदराबादला पुण्याच्या गाड्यांची फिकीर नाही ही तक्रार खरी आहे. मुंबईत बसलेल्या झोनला हैदराबादच्या गाड्यांची फिकीर असेल याची खात्री मला कुणी दिलेली नाही. मुंबईच्या लोकलच्या गर्दीपुढे पूर्णा-अकोला लाइनची फाइल कितव्या नंबरला असेल, तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत असं: झोन बदलायच्या आधी दोन्ही बाजूंच्या तिकिटांचे आकडे समोर ठेवा, औंढ्या-वसमतचा माणूस वर्षातून किती वेळा कुठल्या दिशेला जातो ते मोजा, आणि हैदराबादच्या कुठल्या गाड्या कायम राहतील ते आधी लेखी घ्या. बदल झाला तरी चालेल, नाही झाला तरी चालेल. पण १९५६ मध्ये जे मोजलं नव्हतं ते या वेळी मोजा. तुमच्यापैकी जे दिवाळीला त्या बाजूला जातात, त्यांना यावर काय वाटतं ते जरूर सांगा. तिकीट मिळालं असेल तर गाडीचं नावही सांगा.